यादीतलं चौथं नाव

१

मंगळवारी सकाळी क्षितिजा घरतचा फोन आला तेव्हा मी वडप्याला हायवेच्या कडेला उलटलेल्या एका कंटेनरचे फोटो काढत होते. क्षितिजा आधी विमा कंपनीच्या क्लेम विभागात होती, तेव्हापासूनची आमची ओळख. शांत मुलगी. त्या दिवशी मात्र एकही वाक्य पुरं करत नव्हती. एवढंच कळलं, की मानकोलीच्या गोदामातून एक पिशवी गेली आहे, मालक मनोजशेठ पोलिसांत जायला तयार नाहीत आणि बुधवार रात्रीपर्यंत ती सापडली नाही तर सगळं संपलं.

माझं नाव विनिता मढवी. अपघात झालेल्या गाड्या आणि जळलेली गोदामं यांचं नुकसान ठरवायचं काम मी बावीस वर्षं करते. भिवंडीत या कामाला कधी खंड पडत नाही. यात निम्मा वेळ माल बघण्यात जातो आणि निम्मा माणसांचं ऐकण्यात. क्षितिजाला बहुधा त्या दुसऱ्या निम्म्यासाठी मी हवी होते.

मनोज केण्यांना मी आठ वर्षांपूर्वी भेटले होते, त्यांच्या एका गोदामाला आग लागली तेव्हा. खाडीकाठच्या भातशेतीवर आता त्यांची नऊ गोदामं उभी आहेत. आठ भाड्यानं दिलेली. नववं, पार्सलांच्या आणि डायपरच्या गोदामांच्या मधलं, त्यांनी स्वतःसाठी ठेवलेलं. त्यात पांढऱ्या फरशीवर एक निळी, बुटकी रेसची गाडी उभी असते. बाहेर पाटी आहे, कामवारी रेसिंग.

ही गाडी या हंगामात आशियातल्या सहा शर्यतींची मालिका जिंकली होती. जिंकणाऱ्या संघाला युरोपातल्या एका चोवीस तासांच्या शर्यतीचं आमंत्रण मिळतं. जगभरातून तिथं साठेक गाड्या धावतात. बाकीचे संघ अर्ज करून वाट बघत बसतात. यांना पत्र घरी आलं होतं. ते क्षितिजानं काचेत लावून भिंतीवर टांगलं होतं.

मी आत गेले तेव्हा मनोजशेठ टेबलापाशी बसले होते. त्रेपन्न वर्षांचा दणकट माणूस, पण त्या दिवशी खांदे पडलेले. वॉचमन चिंधूनं चहा आणून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. थोड्या वेळानं त्यांचा मुख्य मेकॅनिक सावळाराम जाता जाता थांबला, ग्लास उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि निघून गेला. मग शेठ चहा प्याले. मला वाटलं, बिचाऱ्याचं लक्ष कुठंच नाही.

"शोधा ताई," ते म्हणाले. "सापडली तर बघू."

ज्याच्या आयुष्याचं काहीतरी हरवलंय, तो माणूस असं 'बघू' म्हणत नाही. ते मला खटकलं, पण तेव्हा मी ते नुसतं मनात ठेवलं.

२

क्षितिजा या संघाची दोन नंबरची ड्रायव्हर आणि कागदपत्रंही तीच बघते. तिनं मला आधी नियम समजावले.

आमंत्रण संघाला असतं, ड्रायव्हरला नाही. पण ते पक्कं व्हायला ठरलेल्या तारखेच्या आत तीन ड्रायव्हरांची नावं आणि कागद पाठवावे लागतात. बुधवारी तिकडचे संध्याकाळचे पाच, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. एक मिनिट उशीर झाला तर आमंत्रण मालिकेतल्या दुसऱ्या नंबरच्या संघाकडं जातं. तिघांपैकी किमान एक ड्रायव्हर हौशी श्रेणीचा लागतो, म्हणजे ज्याचं पोट रेसिंगवर चालत नाही असा. इथं दीपेश पाटील व्यावसायिक, क्षितिजा मधल्या श्रेणीची आणि मनोजशेठ हौशी.

"आणि तिथं गेल्यावरही पात्रता बाकी असतेच," क्षितिजा म्हणाली. तिथल्या सरावात प्रत्येक ड्रायव्हरला अंधार पडल्यावर पाच फेऱ्या माराव्या लागतात. ज्याच्या पाच भरत नाहीत, त्याला शर्यतीत बसता येत नाही. हौशी ड्रायव्हरच बाद झाला तर गाडी उभीच राहते.

पिशवीत तिघांचे वैद्यकीय दाखले होते, लायसन्स होती आणि राष्ट्रीय फेडरेशनचं शिक्क्याचं पत्र होतं. बाकीचं धावपळ करून पुन्हा मिळवता आलं असतं. फेडरेशनचं पत्र चार दिवसांशिवाय मिळत नव्हतं. त्यावर तिघांची नावं होती आणि चौथं राखीव ड्रायव्हरचं, उन्नती भोईरचं. ती कल्याणची फिजिओथेरपिस्ट, म्हणजे तीही हौशी श्रेणीतली. दोन वर्षांपूर्वी शेठना डेंग्यू झाला तेव्हा एका शर्यतीत ती त्यांच्या जागी बसली होती.

"स्कॅन का नव्हते केले?"

क्षितिजाचा चेहरा उतरला. फॉर्मवर शेठची एक सही राहिली होती. सोमवारी सही घेऊन सगळं एकदम स्कॅन करायचं होतं. आधी सगळे कागद निळ्या फाईलमध्ये असायचे. शनिवारी संध्याकाळी तिनं ते काढून कुरिअरच्या पांढऱ्या पिशवीत भरले, निळी फाईल फाडून टाकली आणि पिशवी कपाटात ठेवली. तेव्हा दीपेश तिथंच होता. सगळ्यात शेवटी शेठ आले आणि त्यांनी आपल्या डोळ्यांच्या तपासणीचं पाकीट दिलं. सावळाराम दुपारीच गणेशपुरीला भाचीच्या हळदीला गेला होता.

मी विचारलं, तिनं सगळे कागद स्वतः वाचले होते का. तिनं सांगितलं की एकूण एक कागद तिच्या नजरेखालून गेला होता. फक्त शेठचं पाकीट डॉक्टरांनी चिकटवून दिलेलं होतं, ते तिनं तसंच ठेवलं. सोमवारी स्कॅनच्या वेळी उघडायचं असं ठरलं होतं.

सोमवारी फेडरेशनच्या कामात तिचा दिवस बाहेर गेला. मंगळवारी सकाळी कपाट उघडलं तर पिशवी नाही. कपाटाची चावी कॅलेंडरच्या मागं खिळ्याला असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून त्यांनी कपाटं, टूल ट्रॉल्या, टायरांच्या चळती, गाडीचा कोपरा न् कोपरा, सगळं बघितलं होतं.

चिंधूचं रजिस्टर मी मागितलं. सोमवारी दिवसभर शेडमध्ये पाचसहा माणसं कामाला होती आणि कपाट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. रविवारी शेड बंद. त्या पानावर दोनच नावं होती. दीपेश, सकाळी अकरा ते बारा. सावळाराम, चार ते साडेचार.

"तिसरं कोण आलं नव्हतं?"

"न्हाय ताई. कोण बी न्हाय," चिंधू म्हणाला. मग जरा घुटमळला. "दीपेश जाताना मोठी काळी बॅग घेऊन गेला. येताना हात रिकामे होते त्याचे."

३

दीपेश सत्तावीस वर्षांचा. काल्हेरचा. बापाची पॉवरलूम होती, ती विकून दीपेशच्या पहिल्या गाडीचा खर्च झाला. बोलताना मराठीतून हिंदीत कधी जातो ते त्यालाही कळत नाही. मी बॅगचं विचारल्यावर तो आधी हसला, मग त्यानं सांगितलं.

बॅगेत सीटचा साचा होता. मला तो काय प्रकार ते माहीत नव्हतं, म्हणून त्यानं भिंतीकडं नेलं. तिथं तीन खुंट्या होत्या, दोन साचे टांगलेले, एक खुंटी रिकामी. एकाच गाडीत तिघं आळीपाळीनं बसतात आणि तिघांच्या अंगाचं माप वेगळं. म्हणून प्रत्येकाच्या पाठीच्या आकाराचा फोमचा साचा बनवून घेतात आणि त्याला चेनचं कव्हर घालतात. गाडी ड्रायव्हर बदलायला पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या संघाच्या जागेत, आली की आपला साचा काढायचा, पुढच्यानं आपला घालायचा.

"दुसऱ्याच्या साच्याला कोणी हात नाही लावत," तो म्हणाला. "टूथब्रश समझ लो."

"मग तुझा घरी कशाला नेलास?"

त्यानं गाडीकडं बघितलं. मग सांगितलं. मालिकेत दुसऱ्या आलेल्या संघानं त्याला चाचणीला बोलावलं होतं. त्यांना साच्याचं माप हवं होतं, म्हणून त्यानं साचा पुण्याला पाठवला होता. क्षितिजाला किंवा शेठना त्यानं हे सांगितलं नव्हतं.

म्हणजे कामवारीचं आमंत्रण गेलं की ते त्या संघाला मिळणार आणि दीपेश तरीही त्या शर्यतीला पोचणार. इतका सरळ हेतू मला फार कमी वेळा सापडला आहे. मी त्याला तसं सांगितलं.

"ताई, मला जायचंच आहे," तो म्हणाला. "दोन्हीतल्या कुठल्यातरी गाडीतून जायचंच आहे. पण या गाडीतून गेलो असतो तर मनोजदादांबरोबर गेलो असतो. ते वेगळं."

तो खोटं बोलत नव्हता असं मला वाटलं, पण माझ्या वाटण्यावर क्लेम मंजूर होत नाही. मी विचारलं, त्याला कुणाचा संशय येतो का. नाही म्हणाला. मग जरा वेळानं, विचारल्याशिवाय, त्यानं एक गोष्ट सांगितली. शेठ पूर्वी शेवटची पाळी मागून घ्यायचे. संध्याकाळची. ती त्यांची आवडती. या हंगामात शेवटच्या तिन्ही शर्यतींत त्यांनी पहिली पाळी घेतली, दुपारच्या उन्हातली. टायरांमुळं असं सावळाराम सांगायचा. दीपेशला टायरांचं ते गणित काही केल्या पटलं नव्हतं.

आम्ही बोलत असताना सावळाराम हात पुसत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. दीपेशला म्हणाला, तू जा.

"पोराला नका छळू," तो मला म्हणाला. "ते कागद मी जाळले."

४

सावळाराम वडप्याचा. वय पंचावन्न. मनोजशेठ विशीत असताना भिवंडीतून सुरतेला सुताच्या बाचक्यांचा टेम्पो चालवायचे, तेव्हा हा त्यांचा क्लीनर होता. बापानं हाकलल्यासारखं केलं होतं मनोजना, शेतीत लक्ष नाही म्हणून. दोघांनी पाच वर्षं एका केबिनमध्ये काढली. आज कामवारीच्या गाडीचा प्रत्येक नट सावळारामच्या हातानं आवळलेला आहे. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता, तो याच प्रवासासाठी. तो खिशात घेऊनच फिरतो असं क्षितिजानं मला हसत सांगितलं होतं.

मी त्याला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला. म्हणाला, रविवारी चारला आलो, कपाट उघडलं, फाईल घेतली आणि मागच्या बाजूला ऑइलच्या रिकाम्या पिंपात जाळली. का, तर आपल्याला आता झेपत नाही. एवढ्या लांब जायचं, तिथं गाडी बंद पडली तर नाव आपलं जाणार. भीती वाटली.

"कुठली फाईल?"

"निळी. कागदांची."

"अख्खी जाळली?"

"पुठ्ठ्यासकट."

मी त्याच्याबरोबर मागं गेले. पिंपात राख होती खरी. काडीनं ढवळली. जुन्या चिंध्या, कसला तरी पुठ्ठा. सावळाराम माझ्याकडं बघत नव्हता.

"सावळारामभाऊ, निळी फाईल शनिवारी संध्याकाळीच फाडून टाकली होती," मी म्हणाले. "कागद पांढऱ्या पिशवीत होते. तुम्ही तेव्हा हळदीला होतात. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही."

त्याचा चेहरा बघवेना. माणूस खोटं पकडलं गेल्यावर चिडतो किंवा ओशाळतो. हा घाबरला होता, आणि स्वतःसाठी नव्हता घाबरला.

मी त्याला आणखी काही विचारलं नाही. त्याच्या खिशात पासपोर्ट होता. इतकं जायचं असताना जो माणूस स्वतःवर चोरी ओढून घेतो, तो कुणाला तरी झाकतो. आणि सावळारामनं झाकावा असा माणूस या शेडमध्ये एकच होता.

मी चिंधूकडं परत गेले. तो गेटपाशी स्टुलावर बसला होता. मी त्याला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला.

"रविवारी शेठ किती वाजता आले होते?"

"दुपारी एकला," तो लगेच म्हणाला. "जेवून. तीनपर्यंत होते आत."

"मग सकाळी म्हणालास, कोणी आलं नाही?"

त्यानं माझ्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. "ते शेठ हायेत ताई. ते तर रोजच येतात."

५

मी त्या संध्याकाळी काही बोलले नाही. घरी जाऊन सगळं एकदा मांडून बघितलं. पुढ्यात सरकवलेला चहाचा ग्लास. संध्याकाळऐवजी मागून घेतलेली दुपारची पाळी. चिकटवलेलं पाकीट, जे सोमवारी सगळ्यांसमोर उघडलं जाणार होतं. गेल्या दिवाळीपासून अंधार पडला की सावळाराम शेठना घरी सोडतो, हे चिंधूच बोलता बोलता म्हणून गेला होता.

बुधवारी सकाळी आठला मी मानकोलीला पोचले. शेडमध्ये शेठ एकटेच होते, गाडीसमोर खुर्ची टाकून. मी उजवीकडून चालत गेले आणि मुद्दाम काही बोलले नाही. अगदी जवळ जाऊन उभी राहिले तरी त्यांना कळलं नाही. मग मी नाव घेतलं तेव्हा ते दचकले आणि पूर्ण मान वळवून त्यांनी मला शोधलं.

"बाजूचं किती दिसतं, शेठ?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. नंतर जे सांगितलं ते सलग सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार. आधी रात्रीची नजर जाते, मग कडेची. दोन वर्षांपूर्वी सुरू झाला. उजेडात सरळ समोरचं अजून चांगलं दिसतं, म्हणून दिवसा गाडी पळायची. शेवटच्या शर्यतीत एक गाडी डावीकडून घुसली ती त्यांना दिसलीच नाही, दुसऱ्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले. सावळारामला तेव्हाच कळलं असावं. तो कधी बोलला नाही. शुक्रवारी डॉक्टरांनी तपासलं आणि खरं ते लिहून दिलं.

टेम्पोच्या दिवसांत वापीच्या पुढं एका धाब्यावर टीव्हीवर त्यांनी ती शर्यत पहिल्यांदा पाहिली होती. रात्रीची. गाड्या दिसत नव्हत्या, फक्त दिवे, आणि ब्रेक लागला की चाकांच्या आत लाल झालेल्या चकत्या. धाबेवाल्यानं चॅनेल बदललं तेव्हा ते उठून त्याला परत लावायला सांगायला गेले होते. तीस वर्षं त्यांना तेच हवं होतं. जिंकायचं वगैरे नव्हतं त्यांच्या मनात. रात्री त्या रस्त्यावर गाडी चालवायची होती.

"मना दिवसाचं कायच नको होतं," ते म्हणाले. "रातच पाहिजे होती. आणि रातच गेली."

मी त्यांना सांगितलं की आजार लपवायला पिशवी घ्यायची गरज नव्हती. आमंत्रण संघाचं आहे. फेडरेशनच्या पत्रावर चौथं नाव आहे. ते बाजूला झाले असते आणि उन्नती भोईर गेली असती. हा नियम त्यांना ठाऊक नसावा असं मला मनापासून वाटत होतं.

"माहीत हाय," मनोजशेठ म्हणाले. "म्हणूनच घेतली पिशवी."

"म्हणजे?"

"गाडी माझी. शेड माझी. ते सगळे जातील, आणि मी इथं बसून फोनवर बघीन. रविवारी जेवताना ते डोळ्यांपुढं आलं आणि हात आपसूक चालला. मी न्हाय तर कुणीच न्हाय. एवढंच वाटलं, ताई. दुसरं काय बी न्हाय वाटलं."

बावीस वर्षांत मी विम्यासाठी स्वतःचं गोदाम पेटवणारी माणसं पाहिली आहेत. इतकं खरं कारण एकानंही दिलं नव्हतं.

"पण जाळली नाहीत," मी म्हणाले.

"न्हाय जाळली."

"जाळणं जमलं नसतं तुम्हाला. घरी नेली असती तर रोज दिसली असती. सगळ्यांनी शेड उलटीपालटी केली, गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलं. पण दुसऱ्याच्या साच्याला इथं कुणी हात लावत नाही."

ते उठले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी स्वतःचा साचा खुंटीवरून काढला, कव्हरची चेन उघडली आणि पाठीच्या पोकळीतून पांढरी पिशवी बाहेर काढली. ती माझ्या हातात दिली नाही. परत येऊन मांडीवर घेऊन बसले. त्यातून पाकीट काढलं, फाडलं आणि आतला कागद माझ्यापुढं धरला. डोळ्यांच्या नजरेचा नकाशा होता तो. दोन मोठे काळे गोल आणि प्रत्येकाच्या मधोमध बोराएवढा पांढरा ठिपका.

घड्याळात पावणेनऊ झाले होते. पिशवी माझ्या समोर होती. मी ती उचलून क्षितिजाकडं देऊ शकले असते, तेवढ्यासाठीच मला बोलावलं होतं. मी म्हणाले, मी वडप्याचा कंटेनर बघून दहाला परत येते. तोपर्यंत तुम्ही त्यांना सांगितलं नसेल तर मी सांगेन.

"सावळ्यानं काय सांगितलं तुमाला?" त्यांनी विचारलं.

"म्हणाला, मी जाळले कागद."

मनोजशेठनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मी तिथून निघाले.

६

दहाला पाच मिनिटं कमी असताना मी परत आले. चौघं गाडीभोवती होते. पिशवी टेबलावर, उघडी. शेठचं सगळं सांगून झालं होतं, हे चेहऱ्यांवरून कळत होतं.

क्षितिजा रडलेली दिसत होती. दीपेश भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता. मला पाहिल्यावर तो बाहेर गेला, गेटपाशी कुणाला तरी फोन केला, आणि आत येऊन क्षितिजाला एवढंच म्हणाला की त्याचा साचा संध्याकाळपर्यंत पुण्याहून परत येतोय. सावळाराम चाकाशी उकिडवा बसून आधीच घट्ट असलेला नट घट्ट करत होता. शेठ त्याच्याजवळ जाऊन खाली बसले, त्यांना बसायला वेळ लागला. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. सावळारामनं पाना खाली ठेवला नाही, पण फिरवायचा थांबला.

मग क्षितिजानं स्पीकरवर उन्नतीला फोन लावला. ती दवाखान्यात पेशंट बघत होती. क्षितिजानं तिला दोन मिनिटांत सगळं सांगितलं, आजारासकट. तिच्या मागं कुणीतरी कण्हत होतं आणि पंखा फिरत होता.

"मनोजदादांना विचारलंत का?" उन्नती म्हणाली.

शेठ फोनकडं वाकले. "मीच सांगतोय. ये."

ती दुपारी दीडला आली, कल्याणहून तपासणी आणि दाखला करूनच. अडतीस वर्षांची, बारीक, केस गच्च बांधलेली. दोन वर्षं ती दर महिन्याला आपल्या पैशानं सरावाला जात होती, कुणी बोलवेल की नाही ठाऊक नसताना, हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. शेठ तिच्याशी जेमतेम बोलले. फॉर्म त्यांनीच पुढं ओढला. नाक कागदाला लागेल इतके वाकून त्यांनी आपलं नाव खोडलं आणि शेजारी तिचं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. नवा फॉर्म छापू का, असं क्षितिजानं विचारलं. ते म्हणाले, हाच पाठव.

सव्वासहाला कागद गेले. सातच्या आत पोच आली.

चोरीचं पुढं काय, असं मला नंतर कुणीतरी विचारलं. काही नाही. मी अहवाल लिहिला नाही, कुणी मागितलाही नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी कापडाच्या गोदामात होते. तागे भिजून फुगले होते आणि मी ते मोजत होते. सावळारामचा व्हिडिओ कॉल आला. मागं हिरवीगार झाडं आणि एक तंबू. तिकडं नुकतंच उजाडलं होतं. त्याच्या डोळ्यांवरून वाटत होतं, झोपला नसावा.

आदल्या रात्री पात्रतेचा सराव झाला होता. दीपेशच्या आणि क्षितिजाच्या फेऱ्या आधी उरकल्या. उन्नतीच्या तीन झाल्या आणि कुणाचं तरी इंजिन फुटून रस्त्यावर तेल सांडलं. सराव थांबवला. पुन्हा सुरू झाला तेव्हा बारा मिनिटं उरली होती. एक फेरी चार मिनिटांची, आणि पिटमधून बाहेर पडतानाची पहिली फेरी मोजत नाहीत. म्हणजे न मोजलेली धरून तीन फेऱ्या, आणि हातात नेमकी बारा मिनिटं. शेवटची रेषा तिनं ओलांडली तेव्हा अकरा सेकंद शिल्लक होते. सावळाराम हे सांगताना हातानं वळणं दाखवत होता, फोन हलत होता आणि मला फक्त आभाळ दिसत होतं.

"शेठ कुठं होते?"

"भिंतीपाशी. मी स्क्रीन बघून सांगत होतो त्याला, आता या वळणाला आली, आता त्या. हात धरून होता माझा. अजून दुखतंय मनगट." मग तो कुणाला तरी म्हणाला, "मन्या, घे, ताई हायेत."

मनोजशेठ स्क्रीनवर आले. डोक्याला संघाची टोपी, दाढी वाढलेली. मी अभिनंदन केलं. त्यांनी मान हलवली. मग मी विचारलं, की दिसली का गाडी.

"समोरून येते तेवढी दिसली. दोन दिवे. मग आवाज, आणि मग काय न्हाय." ते थांबले. "वाईट वाटलं ताई. खोटं कशाला बोलू. रातभर वाटलं."

गोदामात कुणीतरी भिजलेला तागा ओढत होतं.

"हा रस्ता म्हणजे एरवी गावाचा रस्ता हाय, अर्धा तरी," ते म्हणाले. "झाडं हायेत दोन्हीकडं. आज सकाळी सराव न्हाय, चालत जायला सोडतात. तेरा किलोमीटर भरेल. आता ऊन येतंय चांगलं, मना दिसेल. सावळ्या म्हणतो, पाय मोडतील तुझे."

"मग?"

"मग काय, निघालो," मनोजशेठ म्हणाले, आणि फोन सावळारामकडं देऊन पायात बूट घालायला वाकले.